हयातीचा रिकामा कप्पा

१

ज्या बाईंच्या मृत्यूची चौकशी करायला मला बोलावलं होतं, त्यांनीच मला बसायला खुर्ची दाखवली.

"या. मी कधी गेले ते शोधायला आलात ना?" त्या म्हणाल्या. "बुधवारी गेले म्हणे. मला तर बुधवारी सपाटून भूक लागली होती."

पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या, म्हणून विभागात डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. वय अडुसष्ट. मूत्रपिंडं निकामी झालेली, आणि दुसऱ्याचं मूत्रपिंड मिळण्याची वाट बघण्याचं हे दुसरं वर्ष. सकाळचे दहा वाजले होते. खिडकी पश्चिमेची, त्यामुळे खाटेवर सावली होती आणि बाई उशाचा दिवा लावून मांडीवरच्या चौकटीच्या वहीत काहीतरी भरत होत्या. आकड्यांची कोडी सोडवत असतील, असं मला वाटलं.

शेजारच्या खाटेवर तिशीची एक शिंपीण बसल्या बसल्या उशीच्या अभ्र्याला टीप घालत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि घाईने मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी मला दाराशी नेलं. त्या कमी बोलणाऱ्या, पण त्या दिवशी हातातलं पेन सारखं उघडत मिटत होत्या.

"आज चार वाजता एक मूत्रपिंड येतंय. पहिला नंबर बाईंचा होता. पण अवयव वाटणाऱ्या केंद्राच्या नोंदीत त्या मृत आहेत, म्हणून नंबर शेजारच्या शिंपिणीचा लागतो. दोघींचा रक्तगट एकच. मी केंद्राला दहा फोन केले. ते म्हणतात, जिवंत बाई मेलीच कशी ते आधी लेखी सांगा. चूक असेल तर दुरुस्त करू, लबाडी असेल तर पोलीस."

भिंतीवर काहीतरी चादरीने झाकलेलं होतं. मी हात लावणार, तेवढ्यात मोठ्या सिस्टर पुढे आल्या आणि त्यांनी माझं मनगटच धरलं.

"नका काढू. माझे पेशंट घाबरतात."

चादरीखाली स्क्रीन होता. विभागात आठ खाटा, स्क्रीनवर आठ ओळी. प्रत्येकीत खाट आणि तिचा नंबर. केंद्राकडून दुपारी यादी येते आणि ओळी बदलतात.

"महिन्याभरात तीन ओळी विझल्या, ताई," सिस्टर अगदी हळू बोलत होत्या. "पेशंट जिवंत असताना. मी स्वतः त्यांची नाडी बघितलीय. आधी ओळ विझते, मग माणूस. तिन्ही वेळा बरोबर तिसऱ्या दिवशी."

"आणि बाईंची ओळ?"

"बुधवारी विझली. आज शुक्रवार. आज तिसरा दिवस आहे."

२

माझा धंदा सुईदोऱ्याचा. दोन यंत्रणा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या की मी त्यांना पुन्हा शिवून देते. पूर्वी मी जावा शिकते असं घरी सांगितलं, तेव्हा आईने विचारलं होतं, "लग्नाआधीच?" तिच्या मनात दिरांच्या बायका. तिला समजावण्यात एक सबंध दुपार गेली, आणि तेव्हापासून मला कुणालाही हे समजावता येतं.

जावा या संगणकाच्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये पेशंट म्हणजे एक ऑब्जेक्ट, म्हणजे कप्प्यांचा डबा. एका कप्प्यात खाट, एकात रक्तगट, एकात 'हयात'. हा डबा जसाच्या तसा तारेवरून जात नाही. म्हणून रुग्णालयाचा प्रोग्रॅम एकेका कप्प्याचं नाव आणि त्यात काय आहे ते लिहून एक चिठ्ठी बनवतो. चिठ्ठीची भाषा एक्सएमएल. ती वेब सर्व्हिसच्या खिडकीतून केंद्राकडे जाते, आणि तिथला प्रोग्रॅम ती वाचून तसाच डबा पुन्हा तयार करतो. घर बदलताना कपाट सुटं करून नेतात आणि नव्या घरी जोडतात, तसं. असं कपाट जोडलेल्या कुणालाही विचारा, एखादा स्क्रू कमी पडतोच.

सिस्टरांच्या शब्दाने माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकदा गाठ पडते. तीनदा म्हणजे कावळ्याला काहीतरी माहीत असतं.

तळमजल्यावर रोजच्या चिठ्ठ्यांच्या नकला साठवलेल्या होत्या. खोलीत यंत्रांची एकसुरी घरघर, खिडकी नाही. मी चौघांच्या चिठ्ठ्या काढल्या: ते तिघं, आणि बुधवारच्या बाई. 'हयात: नाही' कुठे लिहिलंय ते शोधलं. कुठेच नव्हतं. मग 'हयात: हो' शोधलं. तेही नव्हतं.

पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खाट होती, रक्तगट होता, वजन होतं. हयात हा कप्पाच चारही चिठ्ठ्यांतून नाहीसा झाला होता. त्यांना मृत असं कुणीच म्हटलं नव्हतं. त्यांच्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

३

केंद्राचं ऑफिस समोरच्याच इमारतीत. तिथला प्रोग्रॅमर इतका नीटनेटका की ऑफिसात त्याला टापटीप म्हणत. टेबलावर पाच पेन्सिली, पाचही एका उंचीच्या.

"चिठ्ठीत हयातचा कप्पा नाही," मी म्हणाले. "मग तुमच्याकडे 'नाही' आलं कुठून?"

"आलं असेल तिकडूनच."

"मी चिठ्ठ्या वाचून आलेय. आता तुमचा डबा दाखवा."

तो दाखवेना. मग दाखवला. रुग्णालयाच्या डब्यात हयातच्या कप्प्याला तीन अवस्था होत्या: हो, नाही, आणि रिकामा. रिकामा कप्पा चिठ्ठीत उतरत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमची ती रीतच आहे. पूर्वी केंद्राचा कप्पाही तसाच होता. चिठ्ठीत काही आलं नाही तर तो रिकामा राही आणि शेजारी लाल इशारा दिसे. कुणीतरी फोन करून विचारत असे.

"ते लाल इशारे डोळ्यात खुपायचे हो," टापटीप म्हणाला. "महिन्याला तीन-चार. महिन्यापूर्वी मी साफसफाई केली. कप्पा साधा करून टाकला. हो किंवा नाही, तिसरं काही त्यात मावतच नाही."

"आणि चिठ्ठीत काहीच आलं नाही तर?"

त्याने स्वतःचा प्रोग्रॅम पुन्हा वाचला. चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"तर तो आपोआप 'नाही' होतो," तो म्हणाला. "साधा कप्पा रिकामा राहूच शकत नाही. जावात तसंच आहे."

"आणि दुसऱ्या दिवशी 'हो' आलं तर?"

"यादी ते धरत नाही. मेलेला परत येत नाही, असा नियम घातलाय." त्याने एक पेन्सिल उचलली आणि चुकीच्या जागी ठेवली. "मॅडम, मी मारलं का त्या तिघांना?"

"नाही. मूत्रपिंड महिन्याभरात आजच पहिलं येतंय. त्यांचा नंबर कुणी घेतला नाही." हे सांगताना मलाच बरं वाटलं, पण निम्मंच. 'नाही' कसं झालं ते कळलं होतं. जे मरायला टेकलेत, नेमका त्यांचाच कप्पा आधी रिकामा होतो, तो कसा? डबे भरतं कोण?

"तुमचा हजेरी," टापटीप म्हणाला. "रोज सकाळी आठ वाजता. आणि तो आजवर एकदाही चुकलेला नाही."

४

हजेरी म्हणजे विभागाचा कारकून. अठ्ठावन्न वर्षांचा, बूट करकरणारे, हातात टॅबलेट. रोज आठाला प्रत्येक खाटेपाशी उभा राहायचा, पेशंटच्या डोळ्यांत बघायचा आणि 'हो'वर बोट ठेवायचा. पेशंट गेला असेल तर 'नाही'चं बटण डॉक्टर दाबत. त्याने आयुष्यात ते दाबलं नव्हतं.

"बघितल्याशिवाय मी कुणाच्याही नावापुढे 'हो' लावत नाही," तो म्हणाला. "एकदा लावलं होतं. झोपलाय असं समजून. घरच्यांना फोनवर सांगितलं, छान आहेत, झोपलेत. ते फळं घेऊन आले. तो पहाटेच गेला होता, ताई. तेव्हापासून नाही."

"आणि दिसला नाही तर?"

"रिकामं सोडतो. जे मी बघितलं नाही ते मी लिहीत नाही."

"ते तिघं दिसले नाहीत?"

"त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं होतं. तिथे मला आत सोडत नाहीत." तो दचकला. "का?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! अतिदक्षता विभागात नेलेल्या माणसांतली थोडीच परत येतात, आणि ही तिघं आली नव्हती. हजेरीला दारात अडवलं, म्हणून त्याने कप्पा रिकामा सोडला. कप्पा रिकामा म्हणून चिठ्ठीत आला नाही. चिठ्ठीत आला नाही म्हणून केंद्राने 'नाही' धरलं. ओळ विझली. दोन दिवसांनी माणूस गेला. यंत्राला मरण दिसत नव्हतं. त्याला हजेरीचं बंद दार दिसत होतं.

मग एकदम आठवलं. "पण बाई अतिदक्षता विभागात गेल्याच नाहीत! बुधवारी त्या आपल्या खाटेवरच होत्या."

हजेरीने टॅबलेट छातीशी धरला. "बुधवारी त्यांच्या खाटेभोवती पडदा होता. मी हाक मारली. बाई, बाई. आतून हूं नाही की चूं नाही. पडद्याआडच्या बाईमाणसाला कसं बघायचं? सोडलं रिकामं. दोन वर्षांत त्या खाटेला मी पडदा बघितला नव्हता."

"कुणी ओढला?"

त्याने आधी दाराकडे बघितलं. घड्याळात एक वाजून गेला होता.

"मी आत शिरताना लिफ्टमन तिथून बाजूला होत होता," तो म्हणाला. "लिफ्टमन म्हणजे शिंपिणीचा नवरा."

५

मी लिफ्टमध्ये शिरले. मजला सांगण्याआधीच दार बंद झालं. दोन मजल्यांमध्ये लिफ्ट गचकन थांबली आणि वरचा दिवा लुकलुकला. लिफ्टमनची पाठ माझ्याकडे होती. मी माझी पिशवी पोटाशी घट्ट धरली.

"विचारा," तो न वळता म्हणाला. "खाली-वर सगळ्यांच्या नजरा मला तेच विचारतायत. माझ्या बायकोचा नंबर लागतोय म्हणजे मीच केलं. मला त्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही हो!"

"पडदा तुम्ही ओढला?"

"ओढला." तो वळला. रडत होता. "पावणेआठला बायकोला दूध द्यायला गेलो होतो. बाई म्हणाल्या, 'उजेड डोळ्यांवर येतोय, जरा पडदा ओढ रे.' ओढला. वडीलधारं माणूस सांगतं, नाही कसं म्हणायचं? आता हात दाखवून अवलक्षण झालंय. बायको म्हणते, बाईंचं असेल तर मला नको. ती उपाशी बसलीय सकाळपासून. आमची मुलगी सहा वर्षांची आहे, मॅडम. मी कुणाला काय सांगू?"

त्याने बटण दाबलं. लिफ्ट वर गेली. तो खोटं बोलत असेल तर फार हुशारीने बोलत होता, आणि त्याचा एकूण नूर हुशारीचा नव्हता.

अडीच वाजता मी विभागात परतले. दोन पेशंट भिंतीकडे तोंड करून झोपले होते, सिस्टर दर दहा मिनिटांनी बाईंची नाडी बघत होत्या. त्यांची पाचावर धारण बसली होती आणि ते पूर्ण विभागाला दिसत होतं. बाई मात्र बसून होत्या. पश्चिमेचं ऊन खिडकीतून सरळ त्यांच्या तोंडावर आलं होतं, डोळे किलकिले झाले होते, आणि त्या वहीत भरतच होत्या. उशाचा दिवा बंद होता. पडदा भिंतीशी गोळा केलेला होता.

मी दारातच थांबले. सकाळी दहालासुद्धा ह्या खाटेवर इतकी सावली होती की बाईंना दिवा लागला होता. पावणेआठाला कुठला उजेड डोळ्यांवर येणार?

६

मी आत जाऊन पडदा ओढला. कड्या सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी चष्मा काढला.

"लागलं उत्तर?"

"वही बघू."

त्यांनी दिली. कोडी नव्हती ती. उभ्या ओळींत खाटांचे आकडे, आडव्या ओळींत तारखा. ज्या दिवशी हजेरीने ज्याला बघितलं तिथे बरोबरची खूण. बघितलं नाही तिथे चौकट मोकळी. आणि मोकळ्या चौकटीखाली प्रत्येक वेळी, त्याच दुपारी, एक गोल: ओळ विझली.

"मला जावा कळत नाही की ते एक्सएमएल," बाई म्हणाल्या. "पण हजेरीने बघितलं नाही की स्क्रीनवरून माणूस जातो, हे पडून पडून दिसतं. तीन उदाहरणांवरून नियम काढू नये, हे मीच पोरांना शिकवायचे. म्हणून चौथं करून बघितलं."

"स्वतःवर?"

"मग काय शेजारणीवर करू?" त्यांनी पडद्यापलीकडे मान हलवली आणि आवाज खाली आणला. "ती एकतीसची आहे. मी अडुसष्टची. हिशेब तोंडी करता येतो."

"मग सरळ नको म्हणायचं होतं. लेखी नकार देता येतो."

"जवळच्या नातेवाइकाची सही लागते त्याला. माझा धाकटा भाऊ दोन वर्षं रोज दोन बस बदलून डबा घेऊन येतो. त्याचं मूत्रपिंड जुळलं नाही तेव्हा तो जिन्यात बसून रडला होता. त्याला सांगू, सही कर, तुझ्या ताईला नकोय? जमेना मला. आणि माझं कळलं तर ही पोरगी घेणार नाही. मेलेल्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही. मला वाटलं, सुटसुटीत होईल." त्या थांबल्या. "दोन दिवस माझ्याशी कुणी नजर मिळवत नाही. सिस्टरचे हात थंड असतात. तेवढं मी धरलं नव्हतं."

मला रडू आलं, सरळ सांगते. मला चोर सापडेल अशी खात्री होती. चोराशी कसं बोलायचं ते मला येतं.

"बाई, संशय लिफ्टमनवर आलाय," मी म्हणाले. "त्याची बायको सकाळपासून जेवली नाही."

त्यांच्या हातातून चष्मा गादीवर पडला. हे त्यांच्या वहीत कुठेच नव्हतं.

"हे गणित चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "किती वाजले?"

"तीन वाजून दहा मिनिटं. मी खोटं लिहिणार नाही, बाई."

"लिहूच नका. जिवंत करा मला. आणि भाऊ आला असेल तर आत पाठवा."

७

मी जे घडलं तसंच लिहून दिलं: महिन्यापूर्वी कप्पा कुणी साधा केला, रिकामं ते 'नाही' कसं झालं, आणि बुधवारी पडदा कुणी ओढायला सांगितला. टापटीपने स्वतःच्या चुकीखाली स्वतःच सही केली, त्याबद्दल मी त्याला मानते. तीन पस्तीसला मोठ्या सिस्टरांनी चादर ओढून काढली. स्क्रीनवर बाईंची ओळ लागली. कुणीतरी टाळी वाजवली.

भाऊ साठीचे, घामाघूम, हातात डबा. सकाळपासून त्यांनीही केंद्राला फोन करकरून घसा बसवला होता.

"ताई, झालं एकदाचं! जिवंत झालीस बघ!"

"झाले. म्हणून आता जिवंतपणी सांगते. बस इथे." त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून नकाराचा कागद घेतला आणि भावापुढे ठेवला. "मला नकोय ते. हिला जाऊ दे."

भाऊंनी कागद वाचला. मग शिंपिणीकडे बघितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"तू नेहमी असंच करतेस," ते चिडून म्हणाले. "लहानपणी तुझ्या वाटणीचं मला द्यायचीस आणि म्हणायचीस, पोट भरलंय. मला कळायचं हं ताई. मी खायचो तरी. आता पुन्हा तेच करायला लावतेस?"

"पुन्हा एकदाच."

चाराला पाच कमी असताना भाऊंनी सही केली. अक्षर धड आलं नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी खाली नाव लिहायला लावलं. शिंपीण काही केल्या हो म्हणेना. तेव्हा बाईंनी आपल्या शाळेतल्या आवाजात एवढंच म्हटलं, "ऊठ." ती उठली. स्ट्रेचरवर चढण्याआधी तिने नवा अभ्रा बाईंच्या उशीला घातला, त्याचे कोपरे ओढून नीट केले, आणि मग गेली. भाऊ डबा उघडून बसले. बाई जेवल्या.

तो साधा कप्पा आम्ही काढून टाकला. आता केंद्रातही तीन अवस्था आहेत, आणि काही आलं नाही तर लाल इशारा थेट माझ्याकडे येतो. हजेरीला अतिदक्षता विभागात आत सोडतात, अंगावर गाऊन घालून. आणि 'नाही'चं बटण ज्याने बघितलं त्याने दाबायचं, असं ठरलं. शिंपीण सहा महिन्यांपूर्वीच घरी गेली. मुलीला घेऊन ती बाईंना भेटायला येते.

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लाल इशारा आला. बाईंचा कप्पा रिकामा होता. मी हजेरीला फोन लावला.

"पडदा आहे, ताई," तो म्हणाला. "मी हाक मारली."

"मग?"

फोनवर त्याचे बूट करकरले. थांबले. कड्या सरकल्याचा आवाज आला, सावकाश, एकेक. मग फक्त त्याचा श्वास ऐकू आला.

"बघितलं मी," तो म्हणाला. "लिहितो."

आठ वीसला दुसरी चिठ्ठी आली. सगळे कप्पे भरलेले होते. मी ती शेवटपर्यंत वाचली आणि भाऊंना फोन लावला.